वर काही घालू नये

४ फेब्रुवारी

चिमटे,

तुझा पत्ता आत्याकडून घेतला. देताना तिने दोनदा विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, काम आहे. आणि खरंच कामच आहे.

आईला तुझा तो चहा हवा आहे. छातीत धडधडणाऱ्यांसाठी आणि मन थाऱ्यावर नसणाऱ्यांसाठी तू करायचीस, तो. अर्जुनसाल, जटामांसी, ब्राह्मी आणि गुलाबपाकळी, इतकं मला आठवतं. प्रमाण आठवत नाही. आठवत नाही म्हणजे ते कधी माहीतच नव्हतं, कारण तू तराजूला हात लावायची नाहीस. बाबा म्हणायचे, हिची चिमटी तराजूपेक्षा खरी. त्या दिवसापासून तुझं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर राहिलं. तर त्या चिमट्यांचे ग्रॅम करून पाठव. पोस्टकार्डावर मावेल.

आईचं म्हणशील तर दुखणं असं काही नाही. जेवण अर्ध्यावर आलं आहे. सकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसते ती दुपारी बघावं तर तिथेच. धडधडतं म्हणाली म्हणून हृदयाचा आलेख काढून आणला, तो चांगला आला. डॉक्टर म्हणाले, मन खचलं आहे, आणि एक गोळी लिहून दिली. मी दुकानातून चार तऱ्हेचे चहा करून दिले. एक घोट घेते आणि कप खाली ठेवते. "हा तिच्या हातचा नाही," म्हणते. नऊ वर्षं तिने तुझा विषय काढला नव्हता. आता दिवसातून तीनदा काढते.

दुकान होतं तिथे आणि तसंच आहे. बाबांचा गाठीचा नियम मी अजून पाळतो. पुडी ज्याने बांधली त्याचीच गाठ, म्हणजे उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं ते कळतं. आता बांधणारा मी एकटाच आहे, त्यामुळे कुणाला विचारायचं हा प्रश्नच येत नाही, पण हाताची सवय जात नाही. तुझी दुहेरी गाठ मला कधी जमली नाही. मी आपला साध्या गाठीवरच आहे.

प्रमाण लवकर पाठव.

दादा

१९ फेब्रुवारी

चिमटे,

कार्ड मिळालं. "आई कोणत्या गोळ्या घेते त्यांची नावं पाठव. दुसरं काही लिहू नकोस." अक्षर बदललेलं नाही. अजूनही कुणाच्या तरी अंगावर धावून जाणारंच आहे.

नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आहेत, डॉक्टरांच्या कागदावरून अक्षर न अक्षर उतरवून. रक्तदाबाची एक, मनाची एक आणि हाडांची एक. किती वाजता घेते तेही लिहिलं आहे. हाडांची अधूनमधून विसरते.

हा प्रश्न तू बाबांच्या वेळीही विचारला होतास. आपल्या धंद्यात तो कुणी विचारत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, झोप नाही म्हणायचं, बाबा जीभ बघायचे, नाडी बघायचे आणि खण उघडायचे. तू मात्र पिशवीतल्या गोळ्या काउंटरवर ओतून घ्यायचीस. "दवाखान्यात आलोय का दुकानात?" असं एका म्हातारीने विचारलं होतं, तेव्हा बाबा हसले होते. मीही हसलो होतो.

दुसरं काही लिहू नकोस म्हणालीस, पण कागद उरला आहे. भिंतीचे खण अजून तेच आहेत. पाच ओळी, ओळीत बारा, आणि तिसऱ्या ओळीतला वेखंडाचा अजून अडकतो, वर उचलून ओढावा लागतो. खालच्या ओळीतला ज्येष्ठमधाचा खण चार वर्षं रिकामा आहे, त्यात मी सुतळीची रिळं ठेवतो. खल तोच, चाळणी मात्र नवी घेतली. तुझं स्टूल अजून आहे. त्यावर कुणी बसत नाही, कारण एक पाय आखूड आहे.

आत्या सांगत होती, तू पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पानांचे फर्मे शिवतेस. म्हणजे दोरा सुटलेला नाही.

आईने काल विचारलं, "आला का चहा?" मी म्हटलं, येईल. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय आहे हे तुला माहीत आहे, पण या वेळी मी सरळ मागतो आहे. प्रमाण पाठव.

दादा

६ मार्च

चिमटे,

तुझं दुसरं कार्ड काउंटरवर पुढ्यात ठेवून लिहितो आहे. "नऊ वर्षांत मी एकही पुडी बांधलेली नाही. माझ्या हाताचा मला भरवसा नाही. बाबांना दिलं तेवढं पुरे झालं. आईसाठी दुसरीकडून घे."

हे वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. मग उघडलं, कारण बंद ठेवून काही होत नाही.

आता जे लिहितो ते नीट वाच. तुझ्या पुडीत काही चूक नव्हती.

बाबा पहिल्या झटक्यातून घरी आले तेव्हा त्यांना तीन गोळ्या होत्या. हृदयाच्या ठोक्याची एक, रक्तदाबाची एक आणि अंगातलं पाणी काढायची एक. तू त्या तिन्ही घेऊन डॉक्टरांकडे गेलीस, आपल्या चहात काय काय असतं ते लिहून नेलंस, त्यांनी दोन गोष्टी काढायला लावल्या आणि मग तू चाळीस पुड्या बांधल्यास. आणि मावशीच्या ऑपरेशनसाठी गेलीस. रोज चहा उकळायचं काम माझ्याकडे आलं.

बाबा तो पीत नव्हते. कडू आणि तुरट, शिवाय साखर बंद. लहान मुलासारखं नाक धरायचे आणि मी पाठ वळवली की कप मोरीत. चौथ्या दिवशी मी पातेल्यात ज्येष्ठमधाची एक कांडी टाकली. साखर बंद होती, ज्येष्ठमध काही साखर नाही. बाबा सगळा कप प्यायले आणि म्हणाले, "आज छान झालाय."

मी आयुष्यभर त्यांच्या शेजारी उभा राहून खल चालवला. माझ्या हातच्या कशालाही त्यांनी छान म्हटल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. ते तुझ्या वाट्याचं होतं. मला राग नव्हता, पण हवं मात्र होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दोन कांड्या टाकल्या. मग मूठभर. एका पुडीचे दिवसाला तीन कप झाले. ते स्वतःहून मागायला लागले आणि मी कुणाला सांगितलं नाही की त्यात काय घालतो, कारण सांगितलं असतं तर ते माझं राहिलं नसतं.

पाचव्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले. मोज्याची रेघ पायावर खोल उमटायची. सहाव्या आठवड्यात दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तातले क्षार फार उतरले होते, ठोका बिघडला. बाहेरचं काही देत होतात का?

पुढचं तुला माहीत आहे, तोवर तू परत आली होतीस. बाहेरच्या खोलीत आत्या, काका, शेजारचे, सगळे. आत्याने विचारलं, "काढ्यात होतं तरी काय?" आणि मी म्हणालो, "पुडी चिमटीची. गाठ तिची."

एक शब्द खोटा नव्हता. पुडी तुझीच होती. पातेल्याला गाठ नसते.

तेव्हा मला ज्येष्ठमधाचं ठाऊक नव्हतं, हे मात्र खरं मान. खोकल्याला आपण तो पोराबाळांना देतो. वाईट असं कधी वाटलंच नाही. गेल्या महिन्यात पलीकडच्या औषधांच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. ज्येष्ठमध मागितला आणि लगेच म्हणाल्या, "मला खोकल्याला हवाय, पण तुम्ही देताना विचारता ना, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का?" मी म्हटलं, का? त्यांनी सांगितलं. रोज बराच घेतला तर अंगात पाणी धरतं, पाय सुजतात, दाब चढतो आणि क्षार उतरतात. वरून पाणी काढायची गोळी असेल तर आणखी उतरतात, आणि ठोक्याची गोळी अंगावर उलटते. मी बाबांचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यानेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण मी असते तर दिला नसता.

तर हे असं आहे. तुझ्या हातात दोष नव्हता. आता प्रमाण पाठव.

दादा

२० मार्च

चिमटे,

तुझं तिसरं कार्ड. एकच ओळ. "गेल्या महिन्यात कळलं, तर खण चार वर्षं रिकामा का?"

मी उठून त्या खणाकडे गेलो, आतली रिळं बघितली आणि परत आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटं बोलायची पाळी आली तर आधीची पत्रं जवळ ठेवावीत.

चार वर्षांपूर्वी कळलं. त्या बाई आल्या त्या चार वर्षांपूर्वीच. त्या गेल्या आणि मी खण उपसला, पोत्यात भरला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. बोट लावून चाखायचंही धैर्य झालं नाही. त्यानंतर कुणी ज्येष्ठमध मागितला तर संपलाय म्हणतो. चार वर्षं तो संपलेलाच आहे. गिऱ्हाइकांना वाटतं मी आळशी आहे.

मग तुला का कळवलं नाही? पहिल्या वर्षी म्हटलं, नीट शब्द सुचले की लिहू. दुसऱ्या वर्षी म्हटलं, आता इतक्या दिवसांनी तिची खपली कशाला काढा. तिसऱ्या वर्षी वाटलं, तू तिथे सुखात असशील. चौथ्या वर्षी काही म्हटलंही नाही. खरं कारण एवढंच की तू गेल्यापासून आईला मी एकटाच होतो. ती माझ्या हातचं जेवायची, मला विचारून झोपायची. तुला लिहिलं असतं तर तिलाही सांगावं लागलं असतं.

आणि मी पत्र लिहिलं तेही तुझ्यासाठी नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आई जेवत नाही म्हणून लिहिलं. ती जेवत असती तर पाचवं वर्षही गेलं असतं.

लिहायला बसलोच आहे तर राहिलेलंही लिहितो. पुड्यांच्या डब्यात, सगळ्यांत वर, तू एक चिठ्ठी ठेवली होतीस. "जसंच्या तसं उकळणे. वर काही घालू नये." पहिल्या दिवशी मी ती वाचली आणि डब्याच्या झाकणाला चिकटवली. चौथ्या दिवशी पातेल्यात कांडी टाकताना ती तिथेच होती, माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटलं, हिला काय कळतंय, आजारी माणसाला गोड लागतं. बाबा गेले त्या दिवशी, सगळे जमायच्या आधी, मी चिठ्ठी काढून खिशात घातली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ज्येष्ठमधाचं ठाऊक नव्हतं हे खरं आहे. पण तू मनाई केली होतीस आणि मी घातलं होतं, हे आत्याने विचारलं तेव्हाही मला ठाऊक होतं.

चिठ्ठी मी फाडली नाही. या पत्रासोबत ठेवली आहे. चिकटपट्टीचा डाग पडला आहे, अक्षर स्पष्ट आहे.

प्रमाण मागत नाही.

दादा

२ एप्रिल

चिमटे,

उत्तर नाही. बरोबर आहे.

रविवारी मी आत्या, काका आणि शेजारच्या दोघांना बोलावलं. त्या वेळचे तेवढेच उरले आहेत. त्याच खोलीत, आणि आईची खुर्ची तिथे आणून. त्यांना आधी वाटलं मी दुकान विकतो आहे. आत्याने तर येताना सल्ला तयार करून आणला होता.

मी उभा राहून सांगितलं. चिठ्ठीसकट, चार वर्षांसकट. फार वेळ लागला नाही. तुझ्यावर जो आळ यायला एक वाक्य पुरलं होतं तो काढून घ्यायला साधारण दहा मिनिटं लागली.

काका छताकडे बघत राहिले. आत्या म्हणाली, "अरे, आम्ही पोरीला काय काय बोललो रे!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बोलू दिलंस?" मी म्हटलं, हो. ती चहा न घेता गेली. निघताना दारात थांबून म्हणाली, "पत्ता मी दिला ते बरं केलं. निदान माझ्या हातून एवढं तरी बरं झालं."

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "तिला कळवलंस?"

"हो."

"आम्हाला सांगायच्या आधी?"

"हो."

"तेवढं शहाणपण उरलं होतं म्हणायचं."

मला वाटलं झालं. तर म्हणाली, "मला कधी वाटलंच नव्हतं तिने काही चुकीचं दिलं असेल. ज्या पोरीने डॉक्टरला हैराण करून यादी तपासून घेतली, ती चुकेल का? पण तू घरात होतास आणि ती गेली होती. जो घरात असतो त्याचं खरं मानायचं, असं मी केलं. वाट बघत बसले की ती आपणहून येईल. मी बोलवायला हवं होतं."

आई रडली. मीही रडलो, हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता लपवायची शिस्त मोडली आहे.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवतो, जेवते, ताट उचलतो. आज आठवा दिवस. जेवण मात्र अर्ध्यापेक्षा थोडं वर आलं आहे. राग माणसाला भूक आणतो की काय, हे आपल्या एकाही खणात लिहिलेलं नाही.

दुकानात एक पाटी लावली आहे, काउंटरच्या वर, डोळ्यांसमोर. "चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत आणाव्यात. त्याशिवाय पुडी मिळणार नाही." "दवाखान्यात आलोय का" विचारणाऱ्या त्या म्हातारीची सून काल म्हणाली, हे तुमच्या बहिणीचं होतं ना? मी म्हटलं, हो, तिचंच आहे.

दादा

२३ एप्रिल

चिमटे,

पार्सल काल दुपारी आलं. पत्ता आईच्या नावाने होता म्हणून मी उघडलं नाही, तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

सात पुड्या. मी कात्री पुढे केली, तिने हात झटकला. दुहेरी गाठ, तीही तुझी. ती तिने नखांनी सोडवली. दहा मिनिटं लागली, बोटं आता वळत नाहीत. सुटलेला दोरा बोटाला गुंडाळून घेतला, तो अजून तिथेच आहे. मग पुडी नाकाशी धरली आणि चारेक आठवड्यांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "पाणी ठेव."

तुझी चिठ्ठी सगळ्यांत वर होती. नवी नाही, मी पाठवलेलीच, चिकटपट्टीच्या डागासकट. मागच्या बाजूला तू लिहिलंस की डॉक्टरांना विचारून घेतलं आहे आणि जटामांसी काढली आहे, आईच्या मनाच्या गोळीबरोबर ती नको. माझ्यासाठी एक अक्षर नाही. मी पार्सलचा कागदही उलटून बघितला.

पुड्या सात आहेत. आठव्या दिवसाचं काय ते तू लिहिलेलं नाहीस आणि मी विचारत नाही. आखूड पायाच्या स्टुलाखाली लाकडाची चकती ठोकली आहे. आता डुगडुगत नाही.

पाणी निम्मं होईपर्यंत आटवलं, गाळलं आणि कप नेऊन दिला. आईने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "कडू आहे रे." डबे हाताशीच होते. मध होता, गूळ होता.

मी तसाच उभा राहिलो. तिने डोळे मिटले आणि सगळा कप संपवला. मी वर काही घातलं नाही.

दादा